लिओ ताक्सीलचे बारा वर्षांचे नाटक

१८९७ साली ईस्टरचा रविवार १८ एप्रिल रोजी आला होता. दुसऱ्या दिवशी, सोमवारी संध्याकाळी, पॅरिसमधील भूगोल संस्थेच्या सभागृहात एक विलक्षण सभा भरली. निमंत्रितांत पत्रकार होते, धर्मगुरू होते, धर्मनिंदक होते आणि निव्वळ कुतूहलापोटी आलेलेही पुष्कळ होते. दाराशी प्रत्येकाच्या हातातील काठी व छत्री काढून घेण्यात आली. सभेच्या आरंभी एका टंकलेखन यंत्राची सोडत निघाली. अंधारात पडद्यावर एक छायाचित्र दाखविण्यात आले: तुरुंगातील जोन ऑफ आर्क आणि तिला दर्शन देणारी संत कॅथरिन. मग डायना व्हॉन या बहुचर्चित स्त्रीचे दर्शन होईल म्हणून सारे जण व्यासपीठाकडे डोळे लावून बसले असता पुढे आला तो लिओ ताक्सील. त्याने शांतपणे सांगितले की, अशी कोणी धर्मांतरित स्त्री अस्तित्वातच नाही आणि गेली बारा वर्षे आपण कॅथॉलिक जगताला यथेच्छ फसवीत आलो आहोत.

काठ्या व छत्र्या का काढून घेतल्या होत्या, हे तेव्हा सर्वांच्या ध्यानी आले. सभागृहात एकच गोंधळ माजला आणि ताक्सीलला पोलिसांच्या संरक्षणात बाहेर पडावे लागले.

विश्वासाच्या शत्रूंविषयी आपण अनेकदा प्रवचने ऐकतो. त्या प्रवचनांतील शत्रू बहुधा बाहेरून चालून येतो: तो छळ करतो, चर्च जाळतो, कायदे करतो. देवदूताचा वेष घेऊन आणि हातात जपमाळ धरून येणाऱ्या शत्रूचे चित्र मात्र आपल्या डोळ्यांपुढे सहसा उभे राहत नाही. संत पौलाने करिंथकरांना त्याच शत्रूविषयी सावध केले होते. ताक्सीलची हकीकत म्हणूनच आमच्या वाचकांपुढे मांडावीशी वाटते. ती सांगताना आपल्याच पूर्वसूरींचे काही उणे दिसणार आहे; ते झाकण्याची आमची इच्छा नाही.

ताक्सीलचे खरे नाव गाब्रिएल जोगां-पाजेस. त्याचा जन्म १८५४ साली मार्सेय येथे झाला. त्याचे काही शिक्षण येशूसंघीयांच्या शाळेत झाले, पण तारुण्यात तो धर्माचा कडवा वैरी बनला. पोप नववे पायस यांच्या खासगी जीवनाविषयी एक बीभत्स पुस्तक त्याने १८८१ साली प्रसिद्ध केले, तेव्हा पोपच्या नातलगांनी त्याच्यावर खटला भरला. बायबलची टवाळी करणारी पुस्तके लिहिणे हाच त्याचा पोटापाण्याचा धंदा होता. फसवणुकीचा नाद तर त्याला पहिल्यापासूनच होता. १८७३ साली मार्सेयच्या किनाऱ्यावर शार्क मासे आले आहेत, अशी खोटी पत्रे कोळ्यांच्या नावाने वृत्तपत्राला पाठवून आपण सैनिकांची तुकडी समुद्रात धाडायला लावली, अशी बढाई त्याने त्या सोमवारच्या भाषणात मारली. १८८१ साली तो फ्रीमेसन मंडळींत शिरला आणि थोड्याच अवधीत तेथून त्याची हकालपट्टीही झाली.

अशा माणसावर कॅथॉलिक लोकांनी विश्वास ठेवावा, हे आज आपणास नवलाचे वाटते. त्यासाठी तेव्हाच्या फ्रान्समधील श्रद्धावंतांची मनःस्थिती ध्यानी घ्यावयास हवी. १८७० साली पोपचे राज्य गेले होते. १८८० साली येशूसंघीयांना त्यांच्या मठांतून हुसकावून लावण्यात आले. १८८२ च्या कायद्याने सरकारी शाळांतून धर्मशिक्षण हद्दपार झाले. हे कायदे करणाऱ्या पुढाऱ्यांपैकी कित्येक जण फ्रीमेसन होते, ही गोष्ट खरी. फ्रान्समधील त्यांच्या मुख्य संघटनेने १८७७ साली सदस्यत्वासाठी देवावरील श्रद्धेची अटही काढून टाकली होती. पवित्र सभेने तर १७३८ सालापासून कॅथॉलिकांना या मंडळींत जाण्याची मनाई केली होती आणि ती मनाई आजही कायम आहे. २० एप्रिल १८८४ रोजी पोप तेरावे लिओ यांनी फ्रीमेसन विचारसरणीविरुद्ध परिपत्रक काढले आणि तिचा मुखवटा दूर करण्याचे आवाहन श्रद्धावंतांना केले. त्या परिपत्रकाचा रोख तत्त्वांवर होता: देवाविना समाज उभारण्याचा विचार, धर्माविना शाळा, संस्काराविना विवाह. ताक्सीलने त्यातला मुखवट्याचा शब्द तेवढा उचलला आणि मुखवट्यामागे काय दाखविले म्हणजे लोक टाळ्या वाजवतील, याचा हिशेब केला.

बरोबर एका वर्षाने, १८८५ च्या एप्रिलमध्ये, त्याने आपल्या हृदयपालटाची घोषणा केली. आपली जुनी पुस्तके त्याने धिक्कारली. कुमसारासाठी तो एका येशूसंघीय धर्मगुरूकडे एकांत साधनेला गेला आणि आपला पश्चात्ताप खरा वाटावा म्हणून तेथे त्याने एका खुनाची कबुलीही दिली. तो खून कधी झालाच नव्हता. हे सारे त्याने स्वतःच पुढे हसत हसत जगाला सांगितले. तो धर्मगुरू कुमसाराच्या मोहरेने बांधलेला, त्यामुळे त्याच्याकडून एक अक्षरही बाहेर पडणे शक्य नव्हते. पवित्र संस्काराचे मौन हेच या गृहस्थाने आपले संरक्षण केले. आम्हांस तर सबंध हकीकतीतील हीच गोष्ट सर्वांत अधिक क्लेशदायक वाटते. १८८७ साली पोप महोदयांनीही त्यास भेट दिली.

पुढे पुस्तकांचा पूर लोटला. प्रथम फ्रीमेसनांच्या विधींची वर्णने आली. त्यात बरेच खरेही होते, कारण खोट्याला खऱ्याचे अस्तर लागते. मग हळूहळू रंग चढत गेला. फ्रीमेसनांच्याही आत 'पॅलेडियम' नावाचा एक गुप्त पंथ आहे, अमेरिकेतील चार्ल्सटन शहरी त्याचे मुख्य पीठ आहे, अल्बर्ट पाइक हे त्याचे सैतानी पोप आहेत आणि तेथे साक्षात ल्युसिफर अवतरतो! पाइक ही वास्तविक व्यक्ती. अमेरिकेतील फ्रीमेसनांचे ते एक नामांकित पुढारी होते आणि १८९१ साली निवर्तले होते. मृत माणूस खुलासा करीत नाही.

१८९२ पासून 'एकोणिसाव्या शतकातील सैतान' या नावाचा ग्रंथ हप्त्याहप्त्याने निघू लागला. लेखक म्हणून 'डॉ. बाताय' असे नाव छापलेले असे. त्या नावाआड ताक्सील व त्याचा साथीदार शार्ल हाक्स हा जहाजावरील वैद्य होता. या ग्रंथात काय नव्हते! जिब्राल्टरच्या खडकाखाली सैतानाचे कारखाने होते. पंख फुटलेली एक सुसर पियानो वाजवीत होती. वाचक हसतील, पण सुशिक्षित कॅथॉलिक कुटुंबांत हे हप्ते वाचले गेले आणि ते वाचून लोकांनी क्रुसाची खूण केली.

यातला एक भाग आपल्या देशाशी संबंधित असल्याने त्यावर थोडे थांबणे अगत्याचे आहे. बातायचे जहाज सिलोनला लागते, पुदुच्चेरीस जाते आणि मग कलकत्त्यास. कलकत्त्याहून घोडागाडीने थोड्या अंतरावर ग्रॅनिटचा एक उंच डोंगर असून त्यात सैतानपूजेची सात मंदिरे आहेत, असे हे महाशय लिहितात. बंगालची भूमी म्हणजे गंगेने आणून टाकलेल्या गाळाचे सपाट मैदान. कलकत्त्याच्या आसपास डोंगर शोधावयास निघालेल्या माणसाला कित्येक दिवस चालावे लागेल. लंडनचे आर्थर एडवर्ड वेट या लेखकाने १८९६ साली या ग्रंथाच्या चिंध्या केल्या, तेव्हा हाही डोंगर त्यांच्या तावडीतून सुटला नाही. परंतु लंडनपर्यंत जाण्याची गरजच काय होती? कलकत्त्यात त्या वेळी येशूसंघीयांचे मोठे महाविद्यालय होते, बिशपांचे आसन होते. पॅरिसच्या एखाद्या संपादकाने तेथे एक पत्र टाकले असते तरी डोंगराचा निकाल लागला असता. असे पत्र टाकण्याची गरज कोणास वाटली नाही, कारण हिंदुस्थानच्या बाबतीत काहीही खपते अशी युरोपीय वाचकाची मनोमन समजूत होती. आपल्या शेजाऱ्यांची हिंदू व बौद्ध उपासना या ग्रंथात सरसकट सैतानपूजा म्हणून रंगविली गेली. आठव्या आज्ञेने शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देण्यास मनाई केली आहे. धर्माच्या रक्षणासाठी म्हणून हे हप्ते विकत घेणारी माणसे दर हप्त्यास त्या आज्ञेच्या भंगाला हातभार लावीत होती, आणि त्यांना त्याचा पत्ताही नव्हता.

नाटकाचा शेवटचा अंक डायना व्हॉनचा. सैतानी पंथात वाढलेली, अस्मोदेव या दुरात्म्याशी वाङ्निश्चय झालेली ही अमेरिकन तरुणी १८९५ च्या जूनमध्ये जोन ऑफ आर्कच्या भक्तीने ख्रिस्ताकडे वळली, अशी वार्ता प्रसृत झाली. तिच्या 'आठवणी' मासिक रूपाने निघू लागल्या. तिने म्हणून लिहिलेला पवित्र मिस्साबलिदानाच्या सन्मानार्थ नोव्हेनाही छापला गेला आणि रोमहून तिला आशीर्वादाचे पत्र आले. त्या नावाची एक स्त्री खरोखरच होती. ती टंकलेखन यंत्रांच्या एका अमेरिकन कंपनीची प्रतिनिधी होती. दरमहा दीडशे फ्रँक घेऊन ताक्सीलने लिहिलेली पत्रे उतरवून काढणे व स्वतःच्या सहीने पाठविणे, एवढाच तिचा या धर्मांतराशी संबंध होता. सोडतीत टंकलेखन यंत्र का ठेवले होते, याचा उलगडा वाचकांस आता झाला असेल.

सर्वच जण फसले नाहीत, हे सांगणे न्यायाचे होईल. ताक्सीलच्याच म्हणण्याप्रमाणे चार्ल्सटनचे बिशप रोमला जाऊन सांगून आले होते की, आपल्या शहरातील फ्रीमेसन ही निरुपद्रवी माणसे असून तेथे सैतानाचे कसलेही पीठ नाही. जिब्राल्टरच्या धर्माधिकाऱ्यांनीही आपल्या खडकाखाली कारखाने नाहीत असे कळविले होते. हे दोघे काही मोठे तत्त्ववेत्ते नव्हते; आपले गाव त्यांच्या पायाखालचे होते, इतकेच. जर्मनीत फादर हेर्मान ग्रूबर यांनी आणि फ्रान्समध्ये फादर यूजेन पोर्तालिये यांनी हे बिंग फोडण्यासाठी लेखणी उचलली. दोघेही येशूसंघीय. रोममधील येशूसंघीयांचे एक प्रतिष्ठित नियतकालिक मात्र १८९६ च्या सप्टेंबरमध्येही डायनाची स्तुती करीत होते. तेव्हा अमुक संघाचे लोक शहाणे आणि अमुक संघाचे भोळे, अशी वाटणी करण्याची सोय नाही.

त्याच महिन्याच्या अखेरीस त्रेन्त येथे फ्रीमेसनविरोधी परिषद भरली. सोळाव्या शतकातील महान धर्मपरिषदेचे हेच शहर. तीसहून अधिक बिशप आणि सातशेहून अधिक प्रतिनिधी जमले होते. ताक्सीलचे तेथे वीरासारखे स्वागत झाले. कोलोनच्या महागुरुस्वामींचे प्रतिनिधी उभे राहिले आणि त्यांनी डायना व्हॉन हे थोतांड असल्याचे सांगितले. मग सभेत अगदी साधे प्रश्न निघाले. हिचा जन्मदाखला कोठे आहे? हिला पवित्र सभेत कोणत्या धर्मगुरूने घेतले? हिचे प्रथम कम्युनियन कोणत्या चर्चमध्ये झाले? आपल्या धर्मग्रामात लग्नाची नोंद करताना ऑफिसातील कारकूनदेखील हेच विचारतो. ताक्सीलने डोळ्यांत पाणी आणण्याच्या स्वरात उत्तर दिले की, तिचा ठावठिकाणा उघड केला तर फ्रीमेसन तिचा प्राण घेतील. सभेला ते पटले. शंका घेणारे लोकच फ्रीमेसनांच्या जाळ्यात सापडले आहेत, अशी कुजबुज सुरू झाली. रोममध्ये एक चौकशी समिती नेमण्यात आली आणि १८९७ च्या जानेवारीत तिने निश्चित काहीच सांगता येत नाही असा निर्वाळा दिला.

लोयोलाच्या संत इग्नेशियस यांनी आत्म्यांची पारख करण्यासाठी जे नियम आपल्या 'आध्यात्मिक साधने'त दिले आहेत, त्यांतला एक नियम येथे आठवतो. शत्रू हा कपटी प्रियकरासारखा असतो, त्याला गुप्तता हवी असते, आपले बोलणे मुलीने वडिलांच्या कानी घालू नये अशी त्याची धडपड असते, असा त्याचा आशय आहे. दुसऱ्या एका नियमात ते सांगतात की, भल्या माणसाला फसविणारा दुरात्मा प्रथम त्याच्याच पवित्र विचारांना दुजोरा देत आत शिरतो. आरंभ, मध्य आणि शेवट असा विचारांचा सारा प्रवास तपासला म्हणजे सापाची शेपटी दिसते. त्रेन्तच्या परिषदेत बसलेल्या अनेकांनी ही साधना वर्षानुवर्षे केलेली असणार. तरीही शेपटी दिसली नाही. आमच्या मते याचे कारण असे की, त्यांनी हे नियम आपल्या मोहांना लावून पाहिले, परंतु आपल्या द्वेषाला लावले नाहीत. शत्रूविषयी जितके वाईट ऐकू यावे तितका आनंद वाटतो, आणि तो आनंद धर्मप्रेमासारखा भासतो. ताक्सीलने विश्वासाच्या एकाही कलमावर हल्ला केला नाही. ज्यांचा राग येत होता त्यांच्याविषयी जे ऐकण्याची इच्छा होती, तेच त्याने लोकांना बारा वर्षे पुरविले.

आमच्या लहानपणी घरोघर साखळीपत्रे येत. नऊ प्रती करून वाटा, नाही तर घरावर संकट येईल, अशी तंबी त्यांत असे, आणि आमच्या घरातील वडीलधारी माणसे रात्री कंदिलाच्या उजेडात त्या प्रती उतरवीत बसत. हल्ली तेच काम भ्रमणध्वनीवर निमिषात होते. अल्बर्ट पाइक यांच्या नावावर ताक्सीलच्या काळात रचलेले सैतानस्तुतीचे भाषण त्यांचे खरे भाषण म्हणून आजही पत्रकांतून फिरत असते. कबुलीजबाब देऊन सव्वाशे वर्षे उलटली, तरी त्या कबुलीला जितके वाचक मिळाले त्याहून अधिक वाचक त्या असत्याला मिळाले आहेत.

आता त्या पडद्यावरील छायाचित्राकडे वळू. नॉर्मंडीतील लिजूच्या कार्मेल मठात १८९५ च्या जानेवारीत धर्मभगिनींनी जोन ऑफ आर्कच्या जीवनावर एक छोटे नाटक केले होते. जोनची भूमिका मठातील एका तरुण भगिनीने केली आणि तिची सख्खी बहीण सेलीन संत कॅथरिन झाली. दोघींचे छायाचित्र घेण्यात आले. ही जोन म्हणजेच बाळ येशूची भगिनी तेरेजा, जिला आपण छोटी तेरेजा म्हणून ओळखतो.

डायना व्हॉनच्या हृदयपालटाची वार्ता लिजूच्या मठातही पोहोचली होती. जोनच्या मध्यस्थीने एक आत्मा नरकाच्या दारातून परत आला, हे ऐकून त्या भगिनींचे हृदय भरून आले असल्यास नवल नाही. तेरेजाची थोरली बहीण मदर आग्नेस हिने सुचविले की तेरेजाने डायनासाठी एक कविता लिहावी. कविता काही सुचली नाही. त्याऐवजी ते छायाचित्र पाठविण्यात आले. डायनाच्या सहीचे आभारपत्रही आले. ते कोणी लिहिले होते, हे वाचक जाणतातच. १८९६ च्या २१ जूनला, मठप्रमुख मदर मारी द गोंझाग यांच्या नामदिनी, तेरेजाने लिहिलेली एक नाटिका झाली: 'विनम्रतेचा विजय'. तिच्यात सैतानांच्या तोंडी डायना व्हॉनचे नाव येते, ती कार्मेल मठात जाईल या भीतीने ते संतापतात, आणि शेवटी त्यांना पराभूत करते ती विनम्रता. डायना खोटी निघाली. नाटिकेतील शिकवण मात्र जशीच्या तशी राहिली, कारण ती डायनावर उभी नव्हती.

तेरेजा त्या वेळी क्षयाने ग्रासलेली होती. १८९६ च्या ईस्टरपासून तिच्या आत्म्यावर एक घोर अंधार पसरला होता. स्वर्ग आहे की नाही, हाच विचार तिला छळीत होता. अशा अवस्थेत ज्या थोड्या गोष्टींनी तिला आधार वाटला असेल, त्यांत या धर्मांतराची वार्ता एक होती. १८९७ च्या एप्रिलमध्ये नॉर्मंडीतील एका कॅथॉलिक वृत्तपत्राने पॅरिसच्या त्या सभेचा वृत्तान्त छापला. एका कार्मेल मठात काढलेले जोन व कॅथरिन यांचे छायाचित्र पडद्यावर दाखविले गेले, एवढाच त्यात उल्लेख होता. मठाचे नाव नव्हते. लिजूत मात्र ते कोणास सांगावे लागले नाही.

तेरेजाने डायनाचे ते पत्र फाडून तुकडे केले आणि बागेतील खताच्या ढिगावर टाकून दिले. ताक्सीलविषयी तिने रागाचा शब्द लिहिल्याचे कोठे आढळत नाही. दीड-दोन महिन्यांनी, जूनमध्ये, ती आपल्या आत्मकथेचा शेवटचा भाग लिहावयास बसली. विश्वास गमावलेली माणसे खरोखरच असतात हे आपणास पूर्वी पटत नसे, असे ती तेथे लिहिते. आता ती त्यांच्याच मेजावर त्यांच्याबरोबर बसली आहे, दुःखाची भाकर त्यांच्याबरोबर खात आहे आणि देवाने सांगितल्याखेरीज तेथून उठण्याची तिची इच्छा नाही. ज्या माणसाने तिची थट्टा करून सबंध पॅरिसला हसविले, त्याला तिने त्या मेजावरून वगळलेले नाही.

३० सप्टेंबर १८९७ रोजी, वयाच्या चोविसाव्या वर्षी तिने देह ठेवला. ताक्सील १९०७ साली मरण पावला. त्याच्या पुस्तकांची आज फक्त संशोधकांना आठवण होते. पडद्यावरचे ते छायाचित्र मात्र तेरेजेच्या चरित्रग्रंथांतून आजही छापले जाते. आमच्या वाचकांपैकी कित्येकांच्या घरी ते असेल: हाताला साखळदंड असलेली जोन खाली बसली आहे आणि तिच्या शेजारी, तिला धीर देत, तिची बहीण उभी आहे.